शंभर ग्रॅम सरकी

बीटी कापसाचा इतिहास बहुधा अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपासून सांगितला जातो. पण विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत या बियाण्याचे पुढे जे झाले, त्याची मुळे शोधायची तर आधी १९७० सालच्या सुरतेत जावे लागते. तिथल्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ तयार केला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. कपाशीत संकर घडवणे हे फार चिवट काम आहे. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारी-संध्याकाळी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर खुडायचे आणि सकाळी नर वाणाच्या फुलातले पराग तिच्या कुक्षीवर लावायचे. एकेक फूल, एकेक बोट, त्यातही बहुतेक बायकांचे आणि पोरींचे. मजुरी स्वस्त असलेल्या देशालाच हे परवडणारे होते. १९७२ मध्ये धारवाडच्या डॉ. बी. एच. कतारकी यांचा ‘वरलक्ष्मी’ आला. १९८०च्या दशकात नांदेडच्या केंद्राने एनएचएच-४४ दिला आणि ‘नांदेड-४४’ या नावाने तो घराघरांत पोचला.

चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया हे देश बहुतांशी सरळ वाणांवरच राहिले. भारत संकरित बियाण्याकडे वळला. संकरित झाड घेराने मोठे, बोंड टपोरे, उत्पन्न जास्त. पण खताची भूक मोठी आणि हंगाम लांब, १८० दिवसांचा आणि त्याहूनही पुढचा. सरळ वाणाची सरकी शेतकरी पुढच्या वर्षी पेरू शकतो. संकरित वाणाची पेरली तर गुण फुटतात, म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी चढणे आले. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरणार होती.

मोठ्या, हिरव्यागार, लांब काळ उभ्या असलेल्या पिकावर अळ्या तुटून पडल्या नसत्या तरच नवल. कपाशीच्या बोंडअळ्या तीन: हिरवी म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. १९८०च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके आली आणि पहिली काही वर्षे ती रामबाण वाटली. गुलाबी आणि ठिपक्यांची अळी मागे हटली, पण हिरव्या अळीने ती औषधे पचवली. १९८७च्या हंगामात आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम भागात तिचा असा उद्रेक झाला की कर्जबाजारी कापूस उत्पादकांनी आत्महत्या केल्या. दहा वर्षांनी, १९९७-९८ मध्ये, वरंगळमध्ये तेच पुन्हा घडले. त्या दशकात देशाच्या लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ५ टक्के जमीन कापसाखाली होती आणि एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी तिच्यावर पडत होती. एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या, दोन-तीन औषधे एकत्र कालवून, हा अनेक ठिकाणी शिरस्ता झाला होता. बीटीचा न्याय करताना ही आधीची अवस्था विसरली जाते, आणि मग सारे दोष बियाण्याच्या माथी मारले जातात. तसे करणे चूक आहे.

ज्या जिवाणूने यावर उतारा दिला, त्याची ओळख शतकभर जुनी होती. १९०१ मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिडे अचानक मरून पडण्यामागे एक जिवाणू सापडला. काही वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीतून तसाच जिवाणू वेगळा केला आणि थुरिंगिया या प्रांतावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ असे नाव दिले. त्याचीच आद्याक्षरे म्हणजे बीटी. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे स्फटिक विरघळतात, पाचकरसाने त्यांना धार येते आणि आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहक रेणूंना ते कुलपात किल्ली बसावी तसे चिकटतात. मग आतड्याला छिद्रे पडतात, अळी खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या पोटातला रस आम्लधर्मी असतो, आणि तिथे हे कुलूपही नाही. १९३८ पासून फ्रान्समध्ये या जिवाणूची भुकटी फवारणीसाठी विकली जात होती. पण उन्हाने ती लवकर निकामी होते आणि बोंडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत पोचत नाही.

१९८१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात हेलन व्हाइटली आणि अर्नेस्ट श्नेफ यांनी या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. १९८७ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरातल्या संशोधकांनी ते तंबाखूच्या झाडात बसवले. कापसाचे काम मोन्सँटो कंपनीने केले. जिवाणूचे जनुक जसेच्या तसे घातले तर झाड त्यातून फारच थोडे प्रथिन तयार करी. म्हणून जनुकाची भाषा वनस्पतीला वाचता येईल अशी नव्याने लिहावी लागली. १९९० मध्ये ‘क्राय-१एसी’ प्रथिन भरपूर तयार करणारी कपाशी हाती आली आणि १९९६ मध्ये ‘बोलगार्ड’ या नावाने ती अमेरिकेच्या शेतांत उतरली. एक साधी पण महत्त्वाची गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. हे प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि झाडाची मूळ उत्पादनक्षमताही त्याने वाढत नाही. अळीने खाल्ले असते ते वाचते, इतकेच त्याचे काम.

भारतात हे जनुक आले ते जालन्याला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. भेंडी, ज्वारी, बाजरी, कापूस या पिकांच्या बियाण्यांनी तिने नाव कमावले होते. १९९५ मध्ये महिकोला अमेरिकेतून १०० ग्रॅम बीटी सरकी आणण्याची परवानगी मिळाली. ‘कोकर-३१२’ या अमेरिकन वाणाची ती सरकी होती. हा वाण आपल्या हवामानात टिकणारा नव्हता, पण त्याच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत रोप वाढवणे सोपे असल्यामुळे जनुक त्यात बसवले गेले होते. आता ते जनुक भारतीय वाणांत आणायचे तर कोकरशी संकर, मग त्या संततीचा भारतीय वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, आणि प्रत्येक पिढीत जनुक असलेली झाडे निवडायची, हा पिढ्यांचा उद्योग होता. इथेच निर्णय झाला की जनुक संकरित वाणांच्या जनकांत घालायचे. कंपनीच्या बाजूने ते स्वाभाविकच होते. भारतात तेव्हा वनस्पतींच्या वाणांवर हक्क सांगण्याचा कायदाच नव्हता, आणि संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. कायद्याशिवाय मिळणारे ते संरक्षण होते. सरकारने, कृषी विद्यापीठांनी त्या क्षणी सरळ वाणांसाठी तितकाच जोर लावायला हवा होता. तो लावला गेला नाही, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक तीच.

१९९८ हे वर्ष गडबडीचे गेले. मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भागीदारी घेतली, दोघांची संयुक्त कंपनी निघाली, नऊ राज्यांत ४० ठिकाणी चाचण्या सुरू झाल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत दुसऱ्याच एका तंत्राला पेटंट मिळाले होते, ज्याने पिकाचे बी उगवणशून्य करता येते. ‘टर्मिनेटर’ या नावाने त्याची जगभर दहशत पसरली. कर्नाटकात चाचणीच्या शेतात टर्मिनेटर असल्याची अफवा उठली. ती खरी नव्हती. पण नोव्हेंबरमध्ये प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने मोन्सँटोविरोधी मोहीम उघडून चाचण्यांची कपाशी उपटून जाळली. १९९९ मध्ये वंदना शिवा यांच्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दुसऱ्या टोकाला होते शरद जोशी आणि शेतकरी संघटना. बियाणे निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याचे, ही त्यांची भूमिका. जगातला शेतकरी जे वापरतो ते इथल्याला नाकारण्याचा अधिकार कुणाला, असा त्यांचा सवाल होता. दिल्लीतली जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समिती, म्हणजे जीईएसी, या ओढाताणीत सावध पावले टाकत राहिली. जून २००१ मध्ये तिने आणखी एक वर्ष चाचण्या घ्यायला सांगितले.

त्या वर्षाची वाट गुजरातने पाहिली नाही. २००१च्या पावसाळ्यानंतर तिथे बोंडअळीचा प्रचंड हल्ला झाला. शेतेच्या शेते उघडी पडली. पण काही शेतांत ‘नवभारत-१५१’ नावाचा एक संकरित वाण जवळजवळ फवारणीशिवाय बोंडांनी लगडून उभा होता. महिकोच्या लोकांनी नमुने तपासले तेव्हा त्यात बोलगार्डचेच जनुक निघाले. अहमदाबादच्या एका कंपनीचे हे बियाणे साधारण १० हजार एकरांवर पेरले गेले होते, आणि दिल्लीतल्या कुठल्याही समितीला त्याची गंधवार्ता नव्हती. ऑक्टोबरमध्ये जीईएसीने उभे पीक उपटून जाळण्याचा आदेश दिला. शेतकरी अडून बसले. शेतकरी संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. गुजरात सरकारलाही आपल्याच शेतकऱ्यांच्या शेतांत काडी लावण्याचे धाडस झाले नाही. तोवर बराचसा कापूस वेचून बाजारात गेलाही होता.

आता प्रश्न ‘परवानगी द्यावी का’ एवढाच राहिला नव्हता. शेतात येऊन बसलेल्या बियाण्याला कायद्यात कसे आणायचे, हेही ठरवायचे होते. २६ मार्च २००२ रोजी जीईएसीने महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन बीटी संकरित वाणांना तीन वर्षांसाठी मान्यता दिली. त्यातली एक महत्त्वाची अट: बीटीच्या शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते लावायचे.

ही अट नीट समजून घेण्यासारखी आहे. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच बीटी पचवणारी निघते. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाला भेटला तर पुढची सगळी पिढी प्रतिकारक. पण शेजारच्या साध्या कपाशीवर हजारो सामान्य पतंग तयार होत असतील, तर तिची गाठ त्यांच्यापैकीच कुणाशी तरी पडते आणि प्रतिकाराचा गुण पुढच्या पिढीत दबून जातो. या साध्या ओळींना ‘आश्रय पीक’ म्हणतात. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची वेगळी पुडी दिली जाई. शेकडो एकर जमीन असलेल्या अमेरिकन शेतकऱ्याला २० टक्के जमीन अळीला सोडणे जमते. तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याने ती पुडी बांधावर फेकली, यात त्याला दोष देणे मला जमत नाही. हा नियम इथल्या शेताचा आकार पाहून बनवलेलाच नव्हता.

पहिले वर्ष संमिश्र गेले. पाकीट १,६०० रुपयांचे, साध्या संकरित बियाण्याच्या तिप्पट-चौपट. तीनपैकी काही वाण विदर्भाच्या हलक्या जमिनीत आणि ओढ दिलेल्या पावसात टिकले नाहीत. पण पाहता पाहता इतर कंपन्यांनी परवाने घेतले आणि वाणांची संख्या वाढली. पुढे ती हजारावर गेली. त्याच सुमारास गुजरातेतून आलेले चोरटे बीटी बियाणे सुट्या पिशव्यांतून गावोगाव पोचत होते. २००६ मध्ये आंध्र सरकारने किमतीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली आणि पाकीट ७५० रुपयांवर आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमती ठरवण्याचा स्वतंत्र कायदाच केला. २००६ मध्येच ‘बोलगार्ड-२’ला मान्यता मिळाली, त्यात क्राय-१एसीच्या जोडीला क्राय-२एबी हे दुसरे प्रथिन होते. काही वर्षांत देशातल्या कापसाचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आले. जगात इतक्या थोड्या वेळात इतक्या लहान शेतकऱ्यांनी स्वीकारलेले दुसरे तंत्र सहज आठवत नाही.

आकडे डोळे दिपवणारे होते. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी कापूस पिकला. २००७-०८ मध्ये ३०७ लाख. हेक्टरी रुई सुमारे ३०० किलोंवरून ५५४ किलोंवर गेली. आयात करणारा देश जगातला दुसऱ्या क्रमांकाचा निर्यातदार झाला. याचे सारे श्रेय बीटीला देणाऱ्यांना नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे डॉ. केशव क्रांती यांनी एक अवघड आकडा दाखवला: २००४-०५ मध्ये बीटीखाली अगदी थोडे क्षेत्र होते, तरी उत्पादकता ४५० किलोंच्या पुढे गेली होती. गुजरातेतले बंधारे आणि नवी सिंचित जमीन, खतांचा वाढलेला वापर, रसशोषक किडींवरची नवी औषधे, चांगले पाऊसमान, हे सारे त्याच वर्षांत एकत्र आले होते. मात्र एक यश निर्विवाद बीटीचे होते, आणि तेही क्रांती यांनीच मांडले: बोंडअळीसाठी २००१ मध्ये सुमारे ९,४०० टन कीटकनाशक लागत होते, ते २०११ पर्यंत अडीचशे टनांच्याही खाली आले. वरंगळ उद्ध्वस्त करणारी हिरवी अळी कपाशीवरून जवळपास हटली. ज्या कामासाठी जनुक आणले, ते काम त्याने चोख केले होते.

विदर्भातल्या आत्महत्या बीटीमुळे झाल्या, हे वाक्य जगभर पसरले. मला ते पटत नाही. त्या बीटीच्या आधीही होत होत्या, आणि त्यांच्यामागे नापिकी, सावकारी, पडते भाव, सिंचनाचा अभाव यांची जुनी साखळी होती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, ते याच साखळीची कबुली होती. पण महागडे बियाणे कोरडवाहू जमिनीत टाकल्याने जोखीम वाढली, हेही तितकेच खरे. पाऊस रुसला तर बुडणारी रक्कम मोठी झाली होती.

सरकारी संशोधनाने एक प्रयत्न केला. नागपूरची संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात बीटी जनुक आणले. त्याची सरकी शेतकऱ्याला घरी राखून पुन्हा पेरता येणार होती. २००८ मध्ये मान्यता मिळाली, २००९ मध्ये बियाणे विक्रीला आले आणि लगेच मागेही घ्यावे लागले. त्यात मोन्सँटोचे जनुक मिसळलेले आढळले. चौकशी झाली, अहवाल आला, आणि सरळ बीटी वाणाची वाट दहा वर्षे मागे गेली. नांदेड-४४ची बीटी आवृत्ती यायलाही सुमारे दीड दशक गेले. या दुर्दैवाची चर्चा कंपन्यांच्या नफ्याइतकी कधीच झाली नाही. व्हायला हवी होती.

गुलाबी अळी मात्र आपला वेळ साधून होती. ही कीड शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा नोंदली गेली तीच आपल्याकडच्या नमुन्यांवरून, १८४३ मध्ये. ते भडोचच्या कपाशीवरचे होते. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते, म्हणून तिला बीटीबाहेरचा आश्रय आपोआप मिळतो. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. आश्रय पीक नाही, बीटी ९० टक्के रानात, म्हणजे तिच्यापुढे दोनच पर्याय उरले होते: पचवणे किंवा मरणे. त्यात लांब हंगामाच्या संकरित झाडांनी तिला अन्नाचा अखंड पुरवठा केला. ओलिताच्या शेतात दिवाळीनंतरही कपाशीला पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांचे दुसरे पीक, घेण्याची सवय होती. म्हणजे मार्चपर्यंत अळीच्या पिढ्यांमागून पिढ्या. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी असते. मेंडेलच्या नियमाने एकाच बोंडात काही दाण्यांत दोन्ही विषे, काहींत एक, काहींत एकही नाही. सरकी खाणाऱ्या अळीला इतके सोयीचे प्रशिक्षण दुसरीकडे कुठे मिळाले असते?

२००९ मध्ये गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट या जिल्ह्यांत क्राय-१एसी पचवणारी गुलाबी अळी सापडली. २०१० मध्ये मोन्सँटोने ते जाहीर केले. पुढच्या पाच-सहा वर्षांत बोलगार्ड-२ही तिने ओलांडले. त्याच अळीवर अमेरिकेने बीटी, आश्रय पीक आणि नपुंसक पतंग सोडण्याची मोहीम एकत्र राबवली, आणि २०१८ मध्ये तिच्या उच्चाटनाची घोषणा केली. जनुक तेच, अळी तीच. फरक होता तो बियाण्याच्या प्रकाराचा, हंगामाच्या लांबीचा आणि शिस्तीमागच्या यंत्रणेचा.

महाराष्ट्रावर घाव बसला तो २०१७ मध्ये. ऑगस्टपासून यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. तुडतुडे, मावा, फुलकिडे यांच्यासाठी फवारणी जोरात होती. औषधे एकत्र मिसळली जात होती. हवा दमट आणि कोंदट होती. तोंडाला रुमाल हेच संरक्षण. मजूर चक्कर येऊन पडू लागले, अनेकांची दृष्टी अधू झाली. जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या पिकाने फवारणी थांबवायची, त्याच पिकात फवारणीने माणसे मेली, कारण बोंडअळीच्या बंदोबस्तात रसशोषक किडींचा विचार मागे राहिला होता आणि बाजारातले कित्येक संकरित वाण त्यांना सहज बळी पडणारे होते. ही विषबाधा शमते न शमते तोच डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेल्या कळ्या, दिसू लागल्या. बोंड फोडले की आत गुलाबी अळी आणि कुजलेली सरकी. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात शेतकऱ्यांनी उभ्या पिकात गुरे सोडली, ट्रॅक्टर घातले. ज्या पाकिटावर बोंडअळीपासून संरक्षण असे वाचून पैसे मोजले, तिच्याचसाठी पंचनामे करायला तलाठी बांधावर आले.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर गावात, शेतकरी संघटनेच्या शेकडो कार्यकर्त्यांनी जाहीरपणे ‘एचटीबीटी’ कपाशी पेरली. ही तणनाशक सहन करणारी कपाशी; तिला आजही मान्यता नाही, आणि तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार तिची लागवड हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा होता. निंदणाची मजुरी परवडत नाही, असे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते. ते मला खरेच वाटते. पण चोरबीटीच्या पिशवीत नेमके काय आहे हे सांगायला कुणी बांधील नसते, ही भीतीही खरी आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिल्यापासून नव्या पिकांचे दार जवळपास बंद राहिले, आणि बंद दाराआडून काळा बाजार वाढला. गुजरातच्या २००१च्या अनुभवानंतर सरकारला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

आज नागपूर आणि अकोल्याचे शास्त्रज्ञ दाट लागवडीच्या, १४०-१५० दिवसांत आटोपणाऱ्या वाणांवर भर देत आहेत. गुलाबी अळीची साखळी तोडण्यासाठी कृषी खात्याने एक जूनच्या आधी कापूस बियाणे विकायला मनाई केली. गावांत कामगंध सापळे लागतात, पतंगांचे मीलन रोखणाऱ्या दोऱ्या झाडांना बांधल्या जातात, आणि दरवर्षी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून रान मोकळे करा, फरदड घेऊ नका, असे कृषी सहायक सांगत फिरतात. यातल्या एकाही उपायाला प्रयोगशाळेतले नवे जनुक लागत नाही. २००२ मध्ये मान्यतेच्या कागदासोबतच हे सारे सांगता आले असते.